अंड्यानंतरची मादी : ढाबळीतली टिपणे

पहिलं अंडं बहुधा दिवेलागणीच्या सुमारास येतं, दुसरं तिसऱ्या दिवशी दुपारी. मध्ये साधारण ४४ तास. होमर कबुतरं पाळणाऱ्या पोरांना हा हिशेब पाठ असतो, पण त्याचा उपयोग ते पिल्लांची तारीख काढायलाच करतात. माझ्या मते तो मादीसाठी आहे. तिसरा दिवस मावळला, दुसरं अंडं नाही, मादी पिसं फुलवून घरट्याऐवजी खाली कोपऱ्यात बसली आहे, शेपूट वरखाली होतंय, मध्येच कुंथते आहे. मग अंडं अडकलं असं धरूनच चालायचं. पहिलटकरीण मादी कधीकधी एकाच अंड्यावर थांबते, पण ती घरट्यात शांत बसलेली असते. फरक चेहऱ्यावरून कळतो. डोळे अर्धे मिटलेली मादी ठीक नसते.

*

अडकलेलं अंडं पोट दाबून काढायला जाऊ नये. आत फुटलं तर कवचाच्या कडा अंडनलिका फाडतात आणि बलक पोटात पसरला की मादी सहसा वाचत नाही. तिला खोक्यात ठेवावं, बाजूला बल्ब किंवा फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, हवा थोडी दमट, अंधार, शांतता. ऊब मिळाली की स्नायू सैलावतात आणि काही वेळा तेवढ्यानं काम होतं. काही तासांत झालं नाही, तर कॅल्शियमचं इंजेक्शन आणि ते देणारा डॉक्टर लागतो.

आणि डॉक्टर इथं सहज मिळत नाही. बदलापुरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने वाढले, पण कबुतर हातात नीट धरणारा माणूस शोधावा लागतो. शेवटी गाडी पकडून परळ गाठायचं. १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई रुग्णालय एकाच आवारात आहेत. अंडं अडकलेली मादी घेऊन सकाळच्या लोकलच्या गर्दीत चढणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. निघायचं तर भरदुपारी, खोक्याला भोकं पाडून, मांडीवर घेऊन.

*

मूळ दुखणं हाडांत असतं. अंड्याचं कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचं, आणि ते चढायचं काम शेवटच्या जवळपास सबंध दिवसात उरकतं. इतकं कॅल्शियम दाण्यातून आयत्या वेळी मिळणं शक्य नाही. म्हणून अंडं धरण्याआधीच मादी आपल्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा करते. हा साठा १९३४ साली प्रेस्टन काइस आणि ट्रूमन पॉटर या दोघांनी नोंदवला, आणि तोही कोंबडीत नाही, कबुतराच्या मादीत. नरात तो नसतो.

साठा अपुरा असला की शरीर हाडांतून उपसा करतं. मग दुसरं अंडं झाल्यावर मादी उठत नाही. पाय फाकून नाहीतर मागे टाकून बसते, पंखांचा आधार घेत सरकते. बघणारे म्हणतात ‘लकवा मारला’. पुष्कळदा तो लकवा नसतोच. रक्तातलं कॅल्शियम उतरल्यामुळे स्नायू चालत नाहीत, किंवा अंड्यानं जाताजाता पायाची नस दाबलेली असते. वेळेवर कॅल्शियम आणि विसावा मिळाला तर अशा माद्या पुन्हा पायांवर उभ्या राहतात. त्यांना लकवा म्हणून टाकून देतात तेव्हा मला खरोखर राग येतो.

*

आमच्याकडचा पाऊस. जूनमध्ये ढग चढले की सप्टेंबरपर्यंत ढाबळीत धड ऊन शिरत नाही. ऊन नाही म्हणजे ड जीवनसत्त्व नाही, आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. त्यात बाजरी, मका, गहू या सगळ्यांत कॅल्शियम मुळातच कमी आणि फॉस्फरस जास्त. पोतं जरा ओलसर राहिलं की दाण्याला बुरशी. शिवाय याच दिवसांत पिसं झडत असतात, नवी पिसं वाढवायलाही अंगातलंच खर्ची पडतं. अशात जोडी लावून अंडी घ्यायची म्हणजे मादीवर चहूकडून भार. दिवाळीनंतर जोड्या लावाव्यात, पावसाळ्यात नर-मादी वेगळे ठेवावेत. बदलापूरच्या कात्रपपासून उल्हासनगरच्या कॅम्पांपर्यंत जुनी माणसं हे करत आली आहेत.

*

घरी तिसऱ्या झाल्या की शिंपल्या फेकायच्या नाहीत. दोन-तीन पाण्यांत धुवून खारटपणा काढायचा, गॅलरीत वाळवायच्या, मग तव्यावर कोरड्याच भाजायच्या. भाजल्यावर त्यांचा चिवटपणा जातो आणि खलबत्त्यात कुरकुर आवाज करत फुटतात. पीठ करायचं नाही. ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढे तुकडे हवेत, सुईसारखे लांब तुकडे वेचून टाकायचे. त्यात विटेचा चुरा, थोडा लाकडी कोळसा, चिमूट मीठ. मातीच्या पसरट भांड्यात ठेवायचं आणि लांबून बघायचं. अंड्यावर आलेली मादी वीट आणि कोळसा बाजूला सारून पांढरे तुकडे टिपते. नर तितका रस घेत नाही. तिला काय कमी पडतंय हे तिला कळतं. भांडं भरलेलं ठेवणं एवढंच आपलं काम.

पानाचा चुना पाण्यात कालवून पाजणारे आहेत. तो दाहक असतो, कबुतराच्या घशाला नको.

*

अंड्यावरची मादी खाली उतरली की एकदम मोठी, घाण वासाची, हिरवट विष्ठा टाकते. नवा माणूस घाबरतो आणि जुलाबाचं औषध आणतो. ती घरटं घाण होऊ नये म्हणून तासन्‌तास धरून ठेवते, त्यामुळे तसं होतं. आजार नव्हे. नुसतं हिरवं पाणी पडायला लागलं, मादी उतरल्यावर दाण्याकडे बघतही नाही, छातीचं हाड बोटाला धारदार लागायला लागलं, तर मात्र काळजी.

मादी रोज एकदा हातात घ्यावी. छातीच्या हाडावरून अंगठा फिरवला की पाच सेकंदांत कळतं ते औषधांच्या दुकानात उभं राहून कळत नाही.

*

ज्या मादीचा पंखाचा सांधा सुजलाय, अंडी एकामागून एक वांझ निघतात किंवा पिल्लू कवचातच मरतं, तिथं साल्मोनेलाचा संशय धरायचा. हा जंतू अंडाशयापर्यंत जातो आणि अंड्यातून पुढच्या पिढीत उतरतो. मान वाकडी होणं यातही दिसतं आणि मानमोडीतही. मानमोडी म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेतचा कबुतरांतला भाऊबंद, विषाणूचा आजार. त्याला प्रतिजैविक लागू पडत नाही, लस आधी द्यावी लागते. दिसायला सारखे, उपाय वेगळे. म्हणून विष्ठा तपासून घेतल्याशिवाय कुठलीही पावडर पाण्यात टाकू नये. एका दुकानात मला ‘हे सगळ्यावर चालतं’ म्हणून पुडी पुढे केली गेली होती. सगळ्यावर चालणारं काही नसतं.

*

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये बेल्जियममध्ये ‘न्यू किम’ नावाची दोन वर्षांची मादी १६ लाख युरोंना गेली. आपले तेव्हाचे चौदाएक कोटी. तिनं शर्यतीत उडणं त्याआधीच थांबवलं होतं. पैसे मोजले गेले ते तिच्या पुढच्या अंड्यांसाठी.

हीच हाव लहान प्रमाणात आपल्या गच्चीवर येते. कर्जतहून सोडलेली मादी नेरळ, वांगणी मागे टाकून सगळ्यांच्या आधी घरी पोचली, की तिची अंडी काढून दुसऱ्या जोडीखाली सरकवतात. अंडी गेली की आठ-दहा दिवसांत ती पुन्हा घालते. पुन्हा काढतात. कवच पातळ व्हायला लागतं, मग खरखरीत, मग एक दिवस कवचच नसलेलं, पापुद्र्याचं अंडं येतं. तोवर हाडं रिकामी झालेली असतात. अंडी काढायचीच असतील तर खाली लाकडी किंवा प्लॅस्टिकची नकली अंडी ठेवावीत. ती सतरा-अठरा दिवस बसते, नर सकाळी उशिरापासून दुपार उतरेपर्यंत तिला सोडवतो, आणि तेवढी तिला विश्रांती मिळते.

*

शर्यतीच्या दिवसांत नर वेगळे काढून नुसत्या माद्या एकत्र ठेवल्या की दोन माद्यांची जोडी जमते. दोघी अंडी घालतात, घरट्यात चार अंडी दिसतात. एकही फळणारं नसतं, पण कॅल्शियमचा खर्च पुरेपूर होतो. ‘नर नाही म्हणजे अंड्याचं भय नाही’ असं समजणाऱ्यांनी खुराड्याचे कोपरे तपासावेत.

*

अंड्यांवर आठ-दहा दिवस बसलेली मादी घराच्या ओढीनं जोरात येते, हे खरं आहे आणि शर्यतवाले त्याचा फायदा घेतात. त्याला माझी हरकत नाही, दुसरं अंडं होऊन ती सावरलेली असेल तर. पोटात अंडं असलेली मादी टोपलीत घालून कर्जतला न्यायला मात्र माझा पक्का विरोध आहे. एकेक अंडं १५ ते १८ ग्रॅमचं, मादी स्वतः साडेतीनशे-चारशेची. हे वजन घेऊन तिला शिक्ऱ्यापुढे सोडायचं?

*

अंडं अडकून वाचलेली मादी त्या हंगामात पुन्हा जोडीला लावायची नाही. वेगळ्या खणात, उन्हाच्या बाजूला, शिंपल्यांचं भांडं जवळ. नर शेजारच्या जाळीतून घुमत राहतो, तेव्हा मध्ये फळी लावावी.