बंदूक नसलेल्या गेमला आपण हसलो होतो

आज रस्ता, पाणी, लाइट यांपैकी कशावरच लिहीत नाहीये. आज मोबाइलवरच्या लढाईच्या गेमवर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात सोळा ते एकवीस वयाचं पोरगं आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माझ्या हातात आलेली पहिली बंदूक म्हसाच्या जत्रेतली. पौषातली थंडी, एकीकडे बैलांचा बाजार, दुसरीकडे पाळणे, आणि मध्येच एका फळीवर ओळीने लावलेले फुगे. पैसे दिले की छऱ्यांची बंदूक हातात. नळी जरा वाकडी असायची, हे दुकानवाल्याला माहीत आणि आम्हाला नाही. दहा छऱ्यांत चार फुगे फुटले तरी धसईला घरी पोचेपर्यंत आम्ही मिलिटरीत भरती झालेलो असायचो.

आता ती बंदूक पोरांच्या खिशात आलीय. नळी वाकडी नाही, छरे संपत नाहीत आणि जत्रा उठत नाही.

विषय निघाला माझ्या पुतण्यावरून. बारावी झाली, अग्निवीरची तयारी करतोय. पहाटे पाचला म्हसा रस्त्याला जी पोरं धावताना दिसतात त्यांतलाच एक. माझं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरायचं दुकान, त्यामुळे भरतीचे आकडे मला पाठ आहेत. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं तर पूर्ण ६० गुण. बीमवर १० पुलअप्स काढले तर ४० गुण. नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करायचा. आणि हल्ली मैदानाच्या आधी ऑनलाइन लेखी. दिवाळीत हा पोरगा ५ मिनिटं २६ सेकंदांत येत होता. घड्याळ माझ्याच हातात असतं म्हणून सांगतो. संक्रांतीला तोच ५ मिनिटं ५३ सेकंदांवर गेला.

सत्तावीस सेकंद कुठे गेले ते वहिनींनी सांगितलं. "भावोजी, रात्री दीड-दोनपर्यंत ह्याच्या पांघरुणात उजेड असतो."

तुमच्या मनात आलं तेच माझ्याही मनात आलं, मोबाइल काढून घ्यायचा. पण भरतीचे मेसेज, ओटीपी, लेखीचे व्हिडिओ, सगळं त्याच मोबाइलवर. आणि अठरा वर्षांच्या पोराच्या हातातून काही हिसकावून घेऊन कुणाचं भलं झालेलं मी बघितलं नाही. मी त्याला म्हणालो, "मला शिकव, मग बोलू." तो हसला. "काका, तुमचे अंगठे नाय चालायचे." नाहीच चालले. तरी तीन आठवडे रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास खेळलो. आता खेळून बोलतोय.

आधी थोडं मागचं आठवू. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप बंद केली, त्यात पबजी गेला. दोनच दिवसांनी अक्षय कुमारने 'फौजी' नावाच्या भारतीय गेमची घोषणा केली आणि २६ जानेवारी २०२१ ला तो आला. निव्वळ कमाईतला २० टक्के वाटा 'भारत के वीर'ला जाईल असंही जाहीर झालं होतं. विषय गलवानचा. १५ जून २०२० च्या रात्री जिथे आपले २० जवान गेले, ते गलवान.

आपल्याकडच्या पोरांनी तो पहिल्याच दिवशी उतरवून घेतला आणि आठवड्यात काढूनही टाकला. कारण बंदूकच नाही! बर्फाळ डोंगरात चालायचं, समोरून शत्रू आला की मुठीने, दांडक्याने भिडायचं, जीव कमी झाला की शेकोटीपाशी बसायचं, पुन्हा चालायचं. सुरुवातीला मित्रांबरोबर खेळायची सोयही नव्हती. प्ले स्टोअरवरचे तारे थोड्याच दिवसांत तीनच्या आसपास घसरले. दुकानात बसून मीही हसलो होतो. मिलिटरीच्या गेमात बंदूक नाही म्हणजे मटणाशिवाय रस्सा, असं काहीतरी बोललो होतो.

मग ३० जानेवारी २०२५ ला त्याच नावाचा दुसरा गेम आला, 'फौजी डॉमिनेशन'. तयार केला पुण्याच्या डॉट नाईन गेम्सने. हा फर्स्ट पर्सन शूटर. म्हणजे आपला माणूस पडद्यावर दिसतच नाही, पुढे धरलेली बंदूक आणि ती धरणारे हात तेवढे दिसतात. पाच विरुद्ध पाच. पुतण्या रात्री जागून खेळायचा ते गेम वेगळे, त्यांची नावं घेत नाही. मला शिकवायला मात्र त्याने हा घेतला. खाली लिहितोय त्यातलं बरंचसं या जातीच्या सगळ्याच गेमना लागू आहे.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं आहे.

घरात हा पोरगा 'हं' आणि 'नाय' यापलीकडे बोलत नाही. कानाला हेडफोन लावल्यावर तोच असा बोलतो की ऐकत राहावं. "डावीकडं दोन, जिन्याखाली एक, मी थांबवतो, तू मागून ये." कुठे, किती, कुणी काय करायचं, सगळं एका दमात. आपल्या ग्रामसभेत कुणी इतकं मुद्द्याचं बोललं तर सभा अर्ध्या तासात संपेल. पाचजणांत एक जण हिरो व्हायला गेला की सगळे हरतात, हेही पोरं न शिकवता शिकतात.

दुसरं, नजर. तिसऱ्या रात्री मलाही कळायला लागलं की कोपऱ्यावर आधी कान द्यायचा आणि मग डोकं काढायचं.

तिसरं मला सगळ्यात मोठं वाटलं. गेमात दिल्लीची मेट्रो आहे, जोधपूर आहे, आणि बनवणारे पुण्याचे. पुतण्याचा एक मित्र चित्रं झकास काढतो. त्याने मला विचारलं, "काका, असं बनवायचं कुठं शिकवतात?" गेम खेळणारं पोर तो बनवायची गोष्ट करतं तेव्हा त्याला गप्प करू नका. चित्र, आवाज, गणित, कॉम्प्युटर, सगळ्यांना त्यात काम आहे.

आता उणं.

मी अर्ध्या तासात १९ वेळा मेलो. मोजले. दरवेळी काही सेकंद थांबलं की परत उभा, अंगावर ओरखडा नाही. मेलेला साथीदार परत येतो, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नाही. जखमीला खांद्यावर घेऊन कुणी मागे येत नाही. घरी तार जात नाही.

शेजारच्या गावात एक निवृत्त हवालदार आहेत, फॉर्मच्या कामाला दुकानात येतात. त्यांना पाच मिनिटं खेळायला दिलं. चष्मा वर करून म्हणाले, "बरं आहे रे, पण ह्यात पहारा कुठं आहे? सतरा वर्षांत मी गोळी मोजून झाडली, पहारा रोज केला." वजन, थंडी, झोप, वाट बघणं, ही नोकरी गेमात नाहीच. असती तर कुणी खेळलं नसतं, हेही खरं.

पण सगळ्यात मोठी उणीव वेगळी आहे, आणि ती मला त्या जुन्या, बंदूक नसलेल्या गेममुळे कळली.

एका रात्री पुतण्याने विचारलं, "काका, त्या गेमात बंदूक का नव्हती? बनवता नाय आली?" मलाही तेच वाटत होतं. मग दोघांनी बसून शोधलं. २९ नोव्हेंबर १९९६ ला भारत आणि चीनमध्ये करार झाला. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत दोन्ही बाजूंनी गोळी चालवायची नाही, स्फोट करायचे नाहीत. गलवाननंतर परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनीही सांगितलं होतं की जवानांजवळ शस्त्रं होती, सीमेवर ती नेहमीच असतात, पण अशा झटापटीत ती न वापरण्याची जुनी पद्धत आहे.

म्हणजे बघा. सुमारे चौदा हजार फुटांवर, अंधारात, समोर दगड आणि दांडकी घेऊन माणसं अंगावर येतायत आणि तुमच्याजवळ बंदूक आहे. करार बरोबर होता का, नियम बदलायला हवे होते का, यावर तेव्हा खूप वाद झाला आणि व्हायलाच हवा होता. पण बंदूक जवळ असून शिस्तीने हात आवरणारा माणूस कसा असेल, याचा विचार मी तोवर केला नव्हता. गोळ्यांच्या गेमात जो गोळी झाडत नाही तो हरतो. फौजेत गोळी कधी झाडायची नाही हे आधी शिकवतात. ज्या गेमला आपण तीन तारे देऊन काढून टाकला, तो खेळायला कंटाळवाणा होता हे कबूल, पण त्या रात्रीच्या जास्त जवळ तोच होता.

त्यातही एक गोष्ट खोटी होती. शेकोटी. लष्कराच्या निवेदनात म्हटलं होतं की गंभीर जखमी झालेले १७ जवान त्या उंचीवर शून्याखालच्या थंडीत राहिले आणि गेले. गेमात शेकोटीपाशी बसलं की जीव परत भरतो.

पुतण्या यावर काही बोलला नाही. मोबाइल उलटा ठेवला आणि झोपायला गेला. साडेदहा वाजले होते.

लडाख लांब राहिलं, आपल्याच तालुक्यात सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे तिथल्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. मुंबईला जाणारी वीज तोडण्यासाठी मनोरे पाडणारा त्यांचा आझाद दस्ता. दर २ जानेवारीला तिथे मानवंदना असते. यंदा पुतण्याला आणि त्याच्या तीन मित्रांना गाडीवर घालून नेलं होतं. तेव्हा ते फोटो काढण्यात होते. आता त्यांतल्या एकाने आपणहून विचारलं, "हिराजीचं वय काय होतं, काका?" हा प्रश्न त्याला एकोणीस वेळा मरून परत उठणाऱ्या गेमने दिला नसता.

आता पैशाचं, कारण ते लपवलं तर पोस्ट अर्धवट राहील.

१ डिसेंबर २०१६ ला आपली धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून टीव्हीवर झळकली होती. वडापावला स्वाइप मशीन, काय कौतुक होतं! आता मशीनचीही गरज नाही, बोट लावलं की पैसे जातात. माझ्या दादाच्या खात्यातून तीन महिन्यांत २,८७० रुपये गेले. ४९, ९९, १४९ असे तुकड्यातुकड्याने. बंदुकीचा रंग बदलायला आणि कपडे घ्यायला. रंग बदलल्याने गोळी जोरात लागत नाही, हे पुतण्यानेच सांगितलं. कोणत्या गेममध्ये ते लिहीत नाही, मुद्दा एका गेमचा नाही.

काही जण म्हणतील, सरकारने कायदा केलाय ना! केलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पण बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर. ई-स्पोर्ट्सला त्यात उलट प्रोत्साहन आहे. बंदुकीचा रंग विकत घेणं जुगारात बसत नाही. तिथे कायदा येणार नाही, बापालाच मेसेज वाचावे लागतील. दादाला मेसेज कसे वाचायचे ते मी शिकवलं. आणि त्याच्या यूपीआयचा पिन पोराला माहीत होता, तो बदलून घेतला.

आमच्या घरात ठरलं ते सांगतो. गेम बंद नाही. संध्याकाळी पाऊण तास, पोरं ओट्यावर एकत्र बसून, उघड्यावर. रात्री दहाला मोबाइल देवघराच्या फळीवर, आणि माझाही. पहिले चार दिवस चिडचिड झाली, त्यातली निम्मी माझी. गेल्या रविवारी तो ५ मिनिटं ३८ सेकंदांत आला. अजून आठ सेकंद यायचेत. भरती झालाच तर चार वर्षं, आणि पुढे त्यातल्या २५ टक्क्यांनाच कायम जागा, हेही मी त्याला सांगितलंय. तरी त्याला जायचंय. मी विसाव्या वर्षी गेलो होतो तेव्हा छाती फुगवून पाच सेंटिमीटर वाढायला हवी होती, माझी चार वाढली. त्या एका सेंटिमीटरचं मला आजही वाईट वाटतं. पोराचे आठ सेकंद पांघरुणाखाली जाऊ नयेत एवढंच.

शेवटी एक काम. नुसतं पोरांना बोलून चालणार नाही. खेळायला त्यांना मोबाइलमध्ये आखीव मैदान आहे, धावायला मात्र अंधारातला डांबरी रस्ता आणि बाजूने गाड्या. भात कापून झालाय, पाऊस पडेपर्यंत शेतं रिकामी आहेत. एका शेतकरी दादाने आपलं सपाट शेत द्यायची तयारी दाखवलीय. येत्या रविवारी सकाळी सातला दोरी, फावडी आणि फक्कीच्या गोण्या घेऊन ४०० मीटरचा ट्रॅक आखायचा आहे. ढेकळं फोडावी लागतील, माणसं लागतील. निवृत्त हवालदारकाका येतो म्हणालेत. पोरं येतील. कुठे जमायचं ते दुकानावर विचारा.

माझं चुकत असेल तर कमेंटमध्ये सांगा. गेम खेळणाऱ्या पोरांनी तर नक्की सांगा. फक्त रात्री दहानंतर उत्तर येणार नाही, मोबाइल फळीवर असतो.