एका शब्दाची दुरुस्ती

माझी धाकटी सातवीत आहे. गेल्या डिसेंबरात स्नेहसंमेलनासाठी तिच्या वर्गाने डिस्नेच्या ‘अलादीन’मधलं सुरुवातीचं गाणं नाचासाठी घेतलं. आठवडाभर घरात तेच गाणं. तिची दादी तसबीह हातात घेऊन म्हणायची, ‘‘बंद कर गं ते.’’ पोर आवाज कमी करायची, पण बंद करायची नाही.

एके दिवशी मात्र ती गप्पगप्प घरी आली. जेवताना म्हणाली, ‘‘अम्मी, बार्बेरिक म्हणजे रानटी ना? मग आपण रानटी आहोत का?’’

गाण्यात अरबांच्या मुलखाला तो शब्द वापरला आहे. तालमीत तो आला की दोन मुलं तिच्याकडे बोट दाखवून हसायची. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या कोकणात गेल्या. अरबस्तान आम्हाला माहीत ते हजहून आलेल्यांच्या तोंडून. पण बोट दाखवणाऱ्याला भूगोल लागत नाही.

दादी म्हणाली, ‘‘नाव काढून घे तिचं.’’ खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं. पण पोरीचे डोळे भरून आले. तिला नाचायचं होतं. मी म्हटलं, आधी आपण या गाण्याची माहिती काढू.

दोघी बसलो. चित्रपट 1992चा. संगीत ॲलन मेंकन यांचं, या गाण्याचे शब्द हॉवर्ड ॲशमन यांचे. त्याच अल्बममधलं ‘अ होल न्यू वर्ल्ड’ पीबो ब्रायसन आणि रेजिना बेल यांच्या आवाजात 1993मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. असा हा अल्बम घराघरांत पोहोचला आणि सोबत हे गाणंही.

मूळ शब्द तर आणखी वाईट होते. तिथे तुमचा चेहरा आवडला नाही तर कान कापतात, असं त्यात म्हटलं होतं. अमेरिकेतल्या अरबांच्या एका संघटनेने हरकत घेतली आणि 1993मध्ये व्हिडिओ कॅसेट निघताना ती ओळ बदलली. ‘रानटी’ मात्र तसाच राहिला. तो गेला 2019च्या नव्या चित्रपटात. तिथे त्याच्या जागी ‘गोंधळाचा’ अशा अर्थाचा शब्द आला. एका शब्दाच्या दुरुस्तीला 26 वर्षं! त्या नव्या अल्बममध्ये ‘अ होल न्यू वर्ल्ड’ झेन मलिकने गायलंय. त्याचे वडील मूळचे पाकिस्तानी.

मग मी तिला मूळ गोष्ट सांगितली. हलबच्या हन्ना दियाब नावाच्या माणसाने ती 1709मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान गालां या फ्रेंच लेखकाला ऐकवली. त्या गोष्टीतला अलादीन चीनमधल्या एका गरीब शिंप्याचा मुलगा.

‘‘म्हणजे तो चीनचा?’’ ती कितीतरी दिवसांनी हसली. अलाउद्दीन म्हणजे दीनची बुलंदी, हा नावाचा अर्थही तिने वहीत लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. भांडायला नाही. मीही शिक्षिका आहे. वीस मुलांचा नाच बसवताना काय दमछाक होते ते मला ठाऊक आहे. बाईंना एवढंच म्हटलं, ‘‘मॅडम, हेच गाणं 2019च्या चित्रपटातलं घ्याल का? त्यात ‘बार्बेरिक’ हा शब्द बदललाय, चाल तीच आहे.’’ आणि बोट दाखवण्याचंही सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या. म्हणाल्या, ‘‘शब्दांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.’’ मला ते खरं वाटलं. त्यांनी गाणं बदललं आणि का बदललं ते वर्गातही सांगितलं.

गाणं ऐकावं की नाही, याबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत. माझ्या घरातच दोन आहेत. पण मुलांच्या कानावर गाणी पडणारच. त्यातले शब्द आपणही ऐकावेत, आणि खटकला तर नेमका तो शब्द दाखवून बोलावं. चिडून मूल घरी बसवलं असतं, तर ‘रानटी’ तिच्या मनात तसाच राहिला असता.

संमेलनाला दादी आली नाही. रात्री मात्र नातीला जवळ घेऊन तिने विचारलं, ‘‘पाऊल नाही ना चुकलं कुठे?’’