हजेरीपटाबाहेरची मजुरी

संपादकांची विनंती साधी होती: ग्रामीण गरिबी कमी करणाऱ्या योजनांचा परिणाम कसा मोजतात, ते सर्वसामान्य वाचकाला कळेल असं लिहा. मी होकार दिला तो अलीकडे वाचलेल्या एका अहवालामुळे. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात मजुरीची आणि जलसंधारणाची कामं काढणाऱ्या योजनेचं ते मूल्यमापन होतं. गावांतल्या कुटुंबांचं उत्पन्न चांगलंच वाढलं, असा त्याचा निष्कर्ष. तो बैठकांत वाचला गेला, छापूनही आला. मला तो मान्य नाही. का मान्य नाही हे सांगायचं, तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

आधी काय होतं आणि नंतर काय झालं, यातल्या फरकाला आम्ही परिणाम म्हणत नाही. हे लोकांना पटवता पटवता थकायला होतं. पाऊस चांगला झाला, सोयाबीनला भाव मिळाला, थोरला मुलगा चाकणला कंपनीत लागला, की योजना असो वा नसो, घरात पैसा येतो. दुष्काळ पडला की चांगल्यातली चांगली योजना असूनही घर खचतं. म्हणून प्रश्न असा विचारायचा, की योजना नसती तर याच घराचं याच वर्षी काय झालं असतं? ते कुणीच पाहिलेलं नसतं. अंदाजासाठी त्याच परिस्थितीतली, पण योजनेबाहेरची घरं शोधावी लागतात. त्यांना आम्ही तुलनागट म्हणतो. आमच्या शास्त्रातले बहुतेक वाद हा गट योग्य निवडला की नाही, यावरूनच होतात.

महाराष्ट्रात तर हा गट सापडणंच कठीण, आणि त्याचं कारण आपल्याला अभिमान वाटावा असं आहे. काम मागणाऱ्याला काम देण्याची कल्पना वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात आजमावली. 1972 च्या दुष्काळात तिचा कस लागला. मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. खडी फोडणारी, नालाबांध घालणारी, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढणारी ही माणसं ज्यांनी पाहिली, ती पिढी आता उतारवयात आहे. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसायकर घ्यायचा, त्यात सरकारने भर घालायची आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं, अशी ती व्यवस्था. देशाला असा कायदा करायला 2005 साल उजाडलं.

केंद्राची योजना टप्प्याटप्प्याने आली: 2006 मध्ये 200 जिल्हे, पुढच्या वर्षी आणखी 130, आणि 2008 मध्ये उरलेले सगळे. अभ्यासकांना ही मोठीच संधी वाटली. आधीचे जिल्हे आणि नंतरचे जिल्हे यांची तुलना करता येणार होती. पण आधीचे जिल्हे मागास म्हणूनच निवडलेले, म्हणजे मुळातच वेगळे. त्यावर काही संख्याशास्त्रीय उपाय आहेत. महाराष्ट्रापुरती अडचण मात्र त्याहून खोल आहे. आपल्याकडे पहिल्या टप्प्यात बारा जिल्हे आले, पण ज्यांना 'योजनेबाहेरचे' म्हणायचं त्या सोलापूर-बीडमध्ये राज्याची स्वतःची हमी कित्येक वर्षांपासून चालू होती. मग या तुलनेतून जे निघतं ते हमी असणं आणि नसणं यातलं अंतर नव्हे. जुन्या हमीवर नवी आली, त्याने किती फरक पडला, एवढंच ते सांगतं. तरीही देशपातळीवरच्या तक्त्यांत महाराष्ट्राचे जिल्हे इतर राज्यांच्या ओळीत मांडून 'महाराष्ट्रात परिणाम कमी' असं लिहिलेलं दिसलं, की मला राग येतो.

आता ज्या वादात मी सर्वांत जास्त गुंतले, त्याबद्दल. हमीवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा: मजूर इथे आला नसता तर दुसरीकडे कुठे तरी कामाला गेलाच असता, मग त्याला मिळालेली मजुरी म्हणजे सगळा फायदा कसा? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याच मातीतून मिळालं. इक्रिसॅट या शेतीसंशोधन संस्थेने 1975 पासून काही गावांत घरोघरी तपशीलवार नोंदी ठेवल्या. त्यांत सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कान्झरा ही गावं होती. कोण कधी कुठल्या कामावर, कोण घरी बसलेलं, हे सगळं त्या नोंदींत आहे. त्यावरून गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन यांनी 1994 मध्ये हिशोब मांडला. हमीवर आल्यामुळे मजुराने दुसरीकडची जी कमाई सोडली, ती हमीच्या मजुरीच्या साधारण चौथा हिस्सा भरली. म्हणजे शंभर रुपयांतले पंचाहत्तर निव्वळ पदरात पडले. बहुतेकांनी सोडलं ते रिकामं बसणं किंवा बिनपैशाचं काम, दुसऱ्याच्या शेतावरचा रोज नव्हे.

हा निबंध मला फार मोलाचा वाटतो, पण त्याचा हिशोब कामावर आलेल्या माणसापाशी थांबतो. जो आलाच नाही, त्याचं काय? बायका हमीच्या कामावर जाऊ लागल्या, की खुरपणीला त्याच रोजावर कुणी मिळेना म्हणून शेतमालकाला रोज वाढवावा लागतो. तो वाढीव रोज जिला मिळाला, तिचं नाव हमीच्या कुठल्याच हजेरीपटावर नसतं. खेड्यातला प्रत्येक बागायतदार हे जाणतो आणि त्याची तक्रारही करतो. त्याची तक्रार हा आमच्या दृष्टीने पुरावाच असतो.

या वाढीव रोजाची भक्कम मोजणी व्हायला बराच काळ गेला. आंध्र प्रदेशात हमीची मजुरी स्मार्टकार्डावर देण्याची सुधारणा झाली तेव्हा ती आधी कुठल्या मंडलांत करायची, हे सोडतीने ठरवलं गेलं. अशी 157 मंडलं या अभ्यासात होती. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी तिथली घरं तपासली. योजना नीट चालवल्याने लाभार्थी कुटुंबांची कमाई 14 टक्क्यांनी वाढली, आणि वाढीतला 86 टक्के वाटा योजनेच्या मजुरीतून आलेलाच नव्हता. तो आला बाहेरच्या बाजारातल्या वाढलेल्या रोजातून आणि वाढलेल्या कामातून. म्हणजे 'अमुक कोटी मनुष्यदिवस, अमुक कोटी मजुरी' हा आपला वार्षिक हिशोब परिणामाचा लहानसा भाग दाखवतो. मोठा भाग त्या कागदावर येतच नाही.

याच्या उलटंही घडतं. 1988 मध्ये आपल्याकडे हमीची मजुरी दुप्पट झाली. गरिबांसाठी ही चांगलीच बातमी. पण त्यानंतर कामंच कमी निघू लागली आणि उपस्थिती घसरली. कायदा तोच होता, पण मागेल त्याला काम मिळणं अवघड झालं. त्या काळात मजुराला मिळालेला जास्त रोज मोजणारा अहवाल खरा असेल, पण परत पाठवलेल्या मजुराची नोंद त्यात कुठे असते?

आता त्या अहवालाकडे येते. पहिली पाहणी जुलैत झाली, दुसरी तीन वर्षांनी जानेवारीत. ज्या तालुक्यातून दसऱ्यानंतर कोयते, म्हणजे तोडणी करणारी जोडपी, ऊसतोडीला जातात, तिथे जानेवारीत पाहणी करणं म्हणजे निम्मी वस्ती कुलूपबंद असताना करणं. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेलं जोडपं तेव्हा कोल्हापुरात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर असतं, लेकरं बरोबर किंवा आजीजवळ. पाहणी करणाऱ्या संस्थेने नियमाप्रमाणे कुलूप असलेल्या घराऐवजी शेजारचं उघडं घर घेतलं. जानेवारीत जे घर उघडं असतं, त्याच्याकडे बहुधा विहीर असते, रब्बीची ज्वारी असते किंवा नोकरी असते. उत्पन्न वाढलेलं दिसणारच, कारण घरंच बदलली होती.

मला याहून जास्त टोचते ती पुढची गोष्ट. समजा, शेजारच्या गावात योजना खरोखरच चांगली चालली. काम गावातच मिळालं म्हणून काही जोडप्यांनी उचल घेतली नाही आणि ती थांबली. जानेवारीत ती पाहणीत सापडतात. ती गरीबच आहेत, त्यामुळे त्या गावाची सरासरी खाली येते. जिथे योजना फसली, तिथले गरीब निघून गेले आणि गाव सुखवस्तू दिसलं. या पद्धतीत यश अपयशासारखं दिसतं आणि अपयश यशासारखं, आणि पुढच्या वर्षीचा निधी त्यावर ठरतो. कुणी काही चोरलेलं नसतं, कुणी खोटी सही केलेली नसते, तरीही ज्या गावाने माणसं थांबवली त्याच गावाचे पैसे कापले जातात.

वार्ताहर मला विचारतात, किती कुटुंबं दारिद्र्यरेषेच्या वर आली? या प्रश्नाने आपल्या धोरणांचं फार नुकसान केलं आहे. गोखले संस्थेतले नीलकंठ रथ यांनी 1985 मध्ये एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाबद्दल तो विचारला, तेव्हा तो योग्यच होता, कारण दुभती जनावरं वगैरे घ्यायला कर्ज देऊन कुटुंबाला रेषेवर नेण्याचं वचन सरकारनेच दिलं होतं. सात वर्षांनंतरही जेमतेम 3 टक्के गरीब कुटुंबं रेषेवर येतील, असं त्यांनी दाखवून दिलं आणि मजुरीच्या कामांचा आग्रह धरला. पण हमीने कुणाला रेषेवर नेण्याचं वचन दिलेलं नाही. ज्या बाईचं उत्पन्न रेषेच्या निम्म्यावर होतं आणि आता पाऊण झालं, ती या मोजणीत शून्य ठरते. तिने यंदा सावकाराकडे डोरलं ठेवलं नाही, मुलीची शाळा अर्ध्यावर सुटली नाही, मुकादमाशी उचलीबद्दल घासाघीस करण्याचं धाडस तिला झालं, हे सगळं मोजता येतं. त्यासाठी प्रश्नावलीत तसे प्रश्न घालावे लागतात.

पुढच्या मूल्यमापनाच्या आराखड्यावर मी लेखी मत दिलं आहे. पाहणीच्या दोन्ही फेऱ्या एकाच ऋतूत घ्या. कुलूप दिसलं तर घर बदलू नका, फडाचा पत्ता काढा आणि तिथे जा. कामावर कधीच न आलेल्या घरांनाही यंदाचा खुरपणीचा रोज आणि उचलीची रक्कम विचारा. फडावर जाण्याचा खर्च ऐकून बैठकीत सूचना आली की तेवढ्या पैशांत आणखी दोन तालुके होतील. त्या दोन्ही तालुक्यांतूनही कोयते जातात, असं मी इतिवृत्तात नोंदवायला लावलं. निर्णय व्हायचा आहे, आणि तो दसऱ्याआधी झाला तरच उपयोगाचा आहे.