आडवी रेघ

अण्णांची एक वही माझ्याकडे आहे. दोनशे पानी, कोपरे दुमडलेली. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली 'संगणक', त्याखाली तारीख घालून सही. साल २००५. अण्णा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत अव्वल कारकून होते, वय ५३. एमएस-सीआयटी झाल्याशिवाय वेतनवाढ नाही, असं परिपत्रक तेव्हा आलं होतं आणि त्याची आवक नोंद अण्णांनीच स्वतःच्या हातानं बारनिशीत केली होती.

क्लास संध्याकाळी सहाचा. शेजारी बसायला भाच्यांच्या वयाची पोरं. घरी आले की हातपाय धुऊन ओसरीवर वही उघडायची आणि मी समजावून सांगायचं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून दोनदा संगणक हाताळायला मिळायचा. घरात तो नव्हताच. आजीला न पाहिलेली काशी जशी कीर्तनातून पाठ होती, तसा आम्ही तो नुसत्या शब्दांतून शिकलो.

पहिली जोडी हार्डवेअर-सॉफ्टवेअरची. मी म्हटलं, "हाताला लागतं ते हार्डवेअर. पडदा, कळफलक, तो खोका आणि खोक्याच्या पोटातलं सगळं. हाताला लागत नाही, पण ज्याच्यावाचून खोका नुसतं लोखंड, ते सॉफ्टवेअर." अण्णा पेनाचं टोपण चावत थोडा वेळ गप्प बसले. मग लिहिलं: 'हार्डवेअर – कचेरी. सॉफ्टवेअर – कारभार.' पुढे मी कितीतरी पुस्तकं वाचली, पण याहून नेमकी व्याख्या सापडली नाही.

एकदा वाट सापडल्यावर अण्णा सुटलेच. प्रोसेसर म्हणजे साहेब. पुढ्यात येईल तो कागद हातावेगळा करायचा, मग पुढचा. मी सांगितलं की एक गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला शंभर कोटी ठोके पडतात. अण्णा म्हणाले, "असा साहेब आम्हाला कधी मिळाला नाही." हार्ड डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम. रॅम म्हणजे टेबल. टेबल जेवढं मोठं, तेवढ्या फायली एका वेळी उघड्या राहतात. छोट्या टेबलावर ढीग घातला की काम तुंबतं. "आणि ही ऑपरेटिंग सिस्टिम?" त्यांनी विचारलं. कुठला कागद कुणाच्या टेबलावर जायचा, कुणी किती वेळ थांबायचं, रेकॉर्डमधून काय काढायचं आणि काय परत ठेवायचं, हे सगळं ती बघते. आणि सगळं सुरळीत चालतं तोवर ती आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, असं मी सांगितलं. अण्णांनी तेव्हा काही लिहिलं नाही. नुसते हसले. त्या ओळीपुढं वहीत फक्त एक अक्षर आहे: 'मी'.

टेबलाची गोष्ट त्यांना खऱ्या अर्थानं कळली ती भारनियमनामुळं. क्लासात त्यांनी मराठीत एक अख्खा अर्ज टंकला होता, एकेक कळ शोधत, पाऊण तास खपून. शेवटच्या ओळीला वीज गेली. बॅटरीनंही जीव सोडला. वीज आली तेव्हा पडदा कोरा. घरी आले ते चिडूनच. "टेबलावरची फाइल वीज गेली म्हणून नाहीशी होते? आमच्याकडं कंदिलावर कामं झाली आहेत!" मी सांगितलं की रॅमची आठवण वीज असेपर्यंतच. हार्ड डिस्कवर अक्षरं चुंबकीय खुणांनी उमटतात, वीज गेली तरी त्या जागच्या हलत नाहीत. त्या रात्री वहीत मोठ्या अक्षरात आलं: 'सेव्ह – फाइल टेबलावरून उचलून रेकॉर्डला देणे. दर दहा मिनिटांनी.' खाली दोन रेघा.

माउसवर मात्र ते अडले. "रेकॉर्ड रूममध्ये आम्ही गोळ्या टाकून उंदीर मारतो. आणि यांनी तो टेबलावर आणून बसवला?" मी डग्लस एंगेलबार्टची गोष्ट सांगितली. १९६८च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यानं हे यंत्र लोकांना दाखवलं. त्याचा सगळ्यात पहिला नमुना लाकडी होता, खाली दोन चाकं. मागून निघालेली वायर शेपटीसारखी दिसायची. "शेपटीवरून नाव पडलं होय," अण्णा म्हणाले. "मग गाववालाच असणार तो. आपल्याकडंही अशीच नावं पडतात."

बगची गोष्ट त्यांना फार आवडली. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची रीत इंजिनिअरांत जुनीच होती. पण १९४७मध्ये हार्वर्डच्या मार्क टू या संगणकात खराखुरा पतंग सापडला, रिलेमध्ये अडकून मेलेला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीनं नोंदवहीत डकवला आणि शेजारी लिहून ठेवलं. वही आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. "म्हणजे पुरावा जोडला प्रकरणाला," अण्णा समाधानानं म्हणाले. "कुणीतरी आमच्यातलाच असला पाहिजे."

मग मी त्यांना राखून ठेवलेला शब्द सांगितला. हे यंत्र यायच्या आधी इंग्रजीत कॉम्प्युटर म्हणजे माणूस होता. वेधशाळांत, तोफखान्यांसाठी, पंचांगांसाठी दिवसभर आकडेमोड करणारा पगारी माणूस. पुढं पुढं तर बहुतेक बायकाच. आणि पडद्यावरचं टेबल, फाइल, फोल्डर ही चित्रं १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात आकाराला आली, ती ऑफिसातल्या टेबलाकडं बघूनच. अण्णांनी चष्मा काढून पुसला. "मग क्लासातला तो पोरगा रोज सांगतो, काका, हे सगळं तुम्हाला नवीन आहे. नवीन कुठलं? आमचंच सामान पलीकडच्या घरात लावलंय." फोल्डरपुढं त्यांनी लिहिलं: 'रुमाल'. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद रुमालांत बांधलेले असतात, आणि अण्णांच्या कचेरीतले जुने लोकही लाल कापडातल्या गठ्ठ्याला रुमालच म्हणायचे.

डिलीटचा अर्थ त्यांनी दोनदा विचारून घेतला. रिसायकल बिन रिकामी केली तरी डिस्कवरची अक्षरं लगेच जात नाहीत. अनुक्रमणिकेतली नोंद तेवढी निघते, आणि त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तिथंच पडून राहतं. "बारनिशीतली नोंद काढली, कागद फडताळात तसाच," ते म्हणाले. हेही त्यांना मान्य होतं.

मान्य झालं नाही ते अनडू. दोन कळा दाबल्या की चूक नाहीशी, आणि ती झाली होती याची खूणही पानावर नाही. अण्णांना हे पटेना. "अगं, सरकारी कागदावर खोडरबर चालत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. चूक झाकली की तिथं दुसरी चूक होते." मी म्हटलं, हे नुसतं सोयीसाठी आहे. ते म्हणाले, "असेल." वहीत 'अनडू' लिहिलं, पुढं छोटी रेघ काढली आणि अर्थाची जागा सोडून दिली. परीक्षेत पास झाले, वेतनवाढ मिळाली, पाच वर्षांनी निवृत्तही झाले. ती जागा तशीच राहिली.

अण्णा गेले. वारस नोंदीचा अर्ज दिला, फेरफार मंजूर झाला आणि एका दुपारी मी मोबाइलवर गावच्या जमिनीचा सातबारा उघडला. पूर्वी कमी झालेल्या नावाला नुसता कंस करत. २०२०च्या नव्या नमुन्यात कंसावर आडवी रेघही आली आहे. अण्णांचं नाव कंसात होतं. नावावरून एक रेघ गेली होती. शेजारी फेरफार क्रमांक, खाली आईचं, माझं आणि भावाचं नाव. रेघेखालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

मी तो उतारा छापून आणला आणि वहीच्या त्या पानात ठेवला. अनडूपुढची जागा तशीच कोरी ठेवली.