कितीपैकी किती?

दहावीचा निकाल लागला की आठ दिवस गावात दुसरा विषय नसतो. राज्याचा निकाल किती टक्के, आपल्या विभागाचा किती, मुली पुढे की मुलगे, शंभर टक्के निकालाच्या शाळा किती, याचे आकडे वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरून येतात. 2024 साली राज्याचा निकाल 95.81 टक्के लागला, 2025 साली 94.10 टक्के. दोन्ही वर्षी कोकण विभाग सर्वांत वर आणि नागपूर विभाग सर्वांत खाली होता. पारावर बसलेली माणसे हे आकडे ऐकतात आणि म्हणतात, "पोरं हुशार झाली बरं का!" पोरे हुशार आहेतच, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण सरकारी आकडा वाचायचीही एक रीत आहे. आपण बी-बियाणे घेताना पिशवीवरचा शेवटचा शब्दसुद्धा वाचून घेतो. मुलांच्या शिक्षणाचे आकडे तितक्याच काळजीने वाचावेत असे मला वाटते.

थोडे मागे जाऊन बघा. 2018 साली दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 साली तो एकदम 77.10 वर आला आणि 2020 साली पुन्हा 95.30 वर गेला. एका वर्षात बारा टक्के खाली आणि पुढल्या वर्षी अठरा टक्के वर! मुले काही एका साली मठ्ठ आणि दुसऱ्या साली हुशार निपजत नाहीत. झाले होते असे की, 2019 च्या परीक्षेला भाषा आणि समाजशास्त्र या विषयांत शाळेने द्यायचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. निकाल घसरल्यावर आरडाओरड झाली आणि ते गुण परत आले. 2021 साली तर करोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे आणि दहावीत शाळेने दिलेले गुण धरून निकाल लावला, तो निघाला 99.95 टक्के. सांगायचे इतकेच की, माप बदलले की रास कमी-जास्त दिसते. खळ्यावरचे धान्य तेवढेच असते.

ही गोष्ट शेतकऱ्याला नवीन नाही. आपण पैसेवारीवर हयात काढली आहे. आधी आणेवारी म्हणत, मग पैसेवारी म्हणू लागले. नजरअंदाज पैसेवारी, सुधारित पैसेवारी, अंतिम पैसेवारी असे तिचे टप्पे. पन्नास पैशांच्या आत आली तर गाव टंचाईचे, वर गेली तर गाव सुखी! कापणीच्या प्रयोगाला कोणते शेत निवडले, विहिरीकाठचे की माळावरचे, यावर गावाचे नशीब हलते, हे लहान पोरालाही ठाऊक असते. 2016 साली केंद्र सरकारची दुष्काळ संहिता आली. तेव्हापासून पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहाने टिपलेली हिरवळ असे निकष पुढे आले. पण कागदावरच्या आकड्याची ताकद तीच राहिली.

आणि हा आकडा थेट दहावीच्या परीक्षेपर्यंत पोहोचतो. सरकारने दुष्काळ जाहीर केला म्हणजे ज्या सवलती मिळतात, त्यांत जमीन महसुलात सूट असते, कर्जवसुलीला स्थगिती असते, कृषिपंपाच्या वीजबिलात सूट असते आणि शाळा-कॉलेजच्या मुलांची परीक्षा फीही माफ असते. म्हणजे शेतातल्या पिकाचा अंदाज चुकला तर त्याची झळ मुलाच्या परीक्षेच्या अर्जाला लागते. म्हणून आकड्यांकडे 'ते सरकारचे काम' म्हणून पाहणे आपल्याला परवडत नाही.

आमचे गणिताचे गुरुजी फार कडक होते. "गुरुजी, माझी पंधरा गणिते बरोबर आली," असे कुणी हौसेने सांगितले की ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "कितीपैकी?" वीसपैकी पंधरा आणि पन्नासपैकी पंधरा यांत किती अंतर आहे, ते त्या एका शब्दाने कळायचे. दहावीच्या निकालालाही तोच प्रश्न विचारायला हवा. शंभरातली पंच्याण्णव मुले पास झाली, पण ही शंभर कोणती? तर जी परीक्षेला बसली ती. जी परीक्षेपर्यंत पोहोचलीच नाहीत, ती या हिशेबात कुठेच नाहीत.

मी 1970 साली पहिलीत गेलो, तेव्हा आमच्या वर्गाच्या पटावर 42 मुले होती. तिसरीत असताना 1972 चा दुष्काळ पडला. आईबापांबरोबर निम्मा वर्ग पाझर तलावाच्या आणि खडी फोडण्याच्या कामावर गेला. पोरांना तिथे सुकडी तरी मिळायची, शाळेत काय होते? काही परत आली, काही आलीच नाहीत. त्या वर्गातले आम्ही अकराजण दहावीला बसलो आणि नऊ पास झालो. शाळेच्या फळ्यावर निकाल लागला 82 टक्के. सरपंचांनी पेढे वाटले. पण 42 पैकी नऊ, हा हिशेब कुणी केला नाही.

त्या वर्गात गणितात सर्वांत तरबेज होती ती एक मुलगी. पायली-मणाचे तोंडी हिशेब ती गुरुजींच्या आधी सांगायची. गावात शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल पाच मैलांवर, वाटेत ओढा, आणि मुलीला एकटी कशी धाडायची? तिचे नाव कमी झाले आणि दोन वर्षांनी लग्न झाले. आजही बाजाराच्या दिवशी सासरच्या घरचा सगळा हिशेब तीच ठेवते. तिला कुणी नापास केले नाही. कुठल्याही सरकारी तक्त्यात ती अपयशाच्या रकान्यात नाही. ती कोणत्याच रकान्यात नाही.

आज शाळा वाढल्या, रस्ते झाले, मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळाला. पण ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर जाणारी मुले दिवाळीनंतर वर्गातून उठतात आणि पाडव्याच्या आसपास परततात, हे अजून संपलेले नाही. उलट बाजूही आहे. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावून मोजणी केली, तेव्हा पटावर असलेली पण वर्गात नसलेली नावे लाखांनी निघाली. म्हणजे एकीकडे नसलेली मुले मोजली जातात आणि दुसरीकडे असलेली मुले गळतात. वर्गात बसलेल्याला येते किती, हा तर आणखी निराळा प्रश्न. 'असर' नावाची पाहणी खेड्यापाड्यांतल्या घरी जाऊन मुलांकडून वाचून घेते. 2024 च्या पाहणीत देशातील ग्रामीण भागात पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी कमी, 48.8 टक्के मुले, दुसरीचा धडा वाचू शकली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता दुसऱ्या टोकाची मोजणी बघू. गरिबाचे मूल जसे हिशेबातून गळते, तशी श्रीमंताची दौलतही गळते. आपल्या देशात 1957 साली संपत्तिकराचा कायदा झाला. ज्याच्याजवळ मर्यादेपेक्षा अधिक मालमत्ता, त्याने दरवर्षी तिचा काही हिस्सा सरकारला द्यावा, असा त्याचा हेतू. 1969 साली शेतजमीनही त्यात ओढली गेली. 1971 साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि पुढे ती पुन्हा वगळली गेली. 1993 पासून तर हिशेबात धरायच्या वस्तूच थोड्या उरल्या: दागदागिने, मोटारगाड्या, शहरातील मोकळे भूखंड, हातातील जादा रोकड अशा. शेअर आणि ठेवी वगळल्या. म्हणजे बाईच्या गळ्यातले सोने मोजायचे, पण कारखान्याचे कोट्यवधींचे शेअर मोजायचे नाहीत!

परिणाम व्हायचा तोच झाला. एवढ्या मोठ्या देशात 2013-14 साली संपत्तिकराचे उत्पन्न निघाले 1,008 कोटी रुपये. 2015 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी, वसुलीचा खर्च जास्त आणि उत्पन्न थोडे असे सांगून हा कर बंद केला. त्याऐवजी एक कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांच्या आयकरावर दोन टक्के जादा अधिभार लावला आणि त्यातून सुमारे 9,000 कोटी येतील असा अंदाज दिला. पैसे जास्त येणार असतील तर चांगलेच. पण त्याबरोबर दौलतीवर कर लावण्यासाठी दरसाल होणारी तिची मोजणी थांबली. दौलत मोजण्याचे माप आधी लहान केले, मग धान्य थोडे भरले म्हणून माप फेकून दिले, असेच मला वाटते.

याचा शाळेशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध जुना आहे. इंग्रजी अमलात आपल्याकडे शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेत आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. 1882 साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी हाच मुद्दा मांडला. सरकारचा खजिना मुख्यतः रयतेच्या कष्टाने भरतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, तेव्हा प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. 1917 साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला.

'शेतकरी कर भरत नाही' असे शहरात सर्रास बोलतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे खरे. पण तलाठ्याची पावती काढून बघा, महसुलाबरोबर जिल्हा परिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा उपकर त्यात असतो. 2017 साली जीएसटी आला तेव्हा खतावर 5 टक्के आणि रासायनिक कीटकनाशकावर 18 टक्के लागला. तो दुकानात मोजूनच आपण घरी येतो. न्यायाला धरून सांगायचे तर शहरानेही आपल्यासाठी दिले आहे. रोजगार हमीसाठी 1975 साली नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. पण त्याची कमाल मर्यादा वर्षाला 2,500 रुपये. कचेरीतला कारकून आणि कोट्यवधी पगार घेणारा मोठा साहेब, दोघांनाही जवळजवळ तोच आकडा!

मग आपण करायचे काय? दिल्लीचा कर आपल्या हातात नाही, पण गावची शाळा आहे. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात बहुसंख्य जागा पालकांच्या आहेत. तिच्या सभेला जा, आणि घरातील बाईला आवर्जून पाठवा. निकालाचा टक्का ऐकून टाळ्या वाजवा, मग तीन गोष्टी वहीत लिहून मागा. दहा वर्षांपूर्वी पहिलीत किती मुले होती? त्यांतली दहावीला किती बसली? उरलेली प्रत्येक मुलगी, प्रत्येक मुलगा आज कुठे आहे? दाखला घेऊन दुसऱ्या गावी शिकायला गेलेली मुले वेगळी काढा. बाकीची नावे ग्रामसभेत मोठ्याने वाचा.

पेरणी, गुरे, पाणी यांतून वेळ मिळत नाही हे मी जाणतो. पण हे काम एका संध्याकाळचे आहे. यादीतल्या एखाद्या घरी त्या रात्रीच गेलात, तर जूनमध्ये एक पोर पुन्हा वर्गात बसेल.