खोक्यावरचे कुटुंब

आमच्या मिरजेच्या घरात व्हिडिओ गेम आला तो १९९३ साली, शारजाहून आलेल्या मामूंच्या बॅगेतून. यंत्र म्हणजे जपानी यंत्राची स्वस्तातली नक्कल होती, हे पुष्कळ वर्षांनी कळले. कॅसेटींचा तर आनंदच. वर चित्र एकाचे, आत खेळ भलताच आणि अक्षरे चिनी की जपानी, हे सांगणारे मोहल्ल्यात कोण असणार? अब्बा साइनबोर्ड पेंटर. ते कॅसेट उजेडात धरून अक्षरांवरून बोट फिरवीत आणि म्हणत, "लिखनेवाले का हात अच्छा है."

त्यातल्या एका कॅसेटमध्ये मारिओ होता, पण नेहमीच्या मारिओहून निराळा. जमिनीतल्या भाज्या उपटायच्या आणि शत्रूवर फेकायच्या. पुढे वाळवंट लागे, मडक्यांतून साप डोकी काढीत, आणि मध्येच चक्क उडता गालिचा येई. त्यावर बसून मारिओ निघे. धाकट्या भावाने एकदा गंभीरपणे विचारले, "अम्मी, ये मारिओ अपने में का है क्या?" अम्मी भाकरी थापता थापता इतकी हसली की तव्यावरची करपली.

गालिचा तिथे कुठून आला, याचे उत्तर मिळायला तीस वर्षे गेली.

माझी मुलगी पुण्यात जपानी शिकते. मागल्या रमजानला घरी आली तेव्हा तिने मोबाइलवर एका जुन्या खोक्याचे चित्र दाखवले. १९८७ सालचा जपानी खेळ. खोक्यावर मारिओ नाही. आहे ते एक कुटुंब : पगडी बांधलेला मुलगा, त्याची मैत्रीण, त्याची आई आणि बाप. सगळे अरबी गोष्टीतले असावेत तसे. मुलीने अक्षरे लावून वाचली, 'यूमे कोजो : डोकी डोकी पॅनिक'. यूमे कोजो म्हणजे स्वप्नांचा कारखाना. 'डोकी डोकी' म्हणजे काळजाची धडधड. आपण छातीला जो आवाज दिला, तसाच त्यांनीही एक दिला आहे, याचे मला उगाचच बरे वाटले.

हकीकत अशी. फुजी टीव्ही या जपानी वाहिनीने १९८७ साली 'यूमे कोजो' नावाचा मोठा उत्सव भरवला होता. हे कुटुंब त्या उत्सवाचे बोधचिन्ह. निन्तेन्दोने त्यांना घेऊन खेळ तयार केला. मुलाचे नाव इमाजिन, मैत्रिणीचे लिना. आई-बापाला नावेच नाहीत, नुसते मामा आणि पापा. सगळा खेळ एका अरबी गोष्टीच्या पुस्तकात घडतो, आणि चौघांपैकी प्रत्येकाला घेऊन तो पुरा केल्याखेरीज खरा शेवट दिसत नाही. घरातले सगळे पोचले पाहिजेत, अशी अट.

मग १९८८ साली हाच खेळ अमेरिकेत 'सुपर मारिओ ब्रदर्स २' म्हणून निघाला. इमाजिनच्या जागी मारिओ, लिनाच्या जागी राजकन्या, बापाच्या जागी बुटका टोड, आणि आईच्या जागी मिशाळ लुइजी! जादूच्या दिव्याची बाटली झाली. गालिचा मात्र राहिला. साप आणि मडकीही राहिली. १९९२ मध्ये तो 'सुपर मारिओ यूएसए' या नावाने जपानात परत गेला, तोही नव्या तोंडांनिशीच.

खरे सांगतो, मला आधी रागच आला. म्हटले, बघा, पगडी दिसली की काढली. मुलगी म्हणाली, "अब्बू, ते चेहरे टीव्हीवाल्यांच्या मालकीचे होते. अमेरिकेत त्या उत्सवाचं नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं." आणि तिने आणखी दोन नावे सांगितली. गोकूच्या 'ड्रॅगन बॉल'चा १९८६ चा जपानी खेळ अमेरिकेत 'ड्रॅगन पॉवर' झाला, गोकूचा चेहराही बदलला. जपानी भुताखेतांचा किटारो तिकडे 'निंजा किड' झाला. त्यांना कुठे पगडी होती?

राग ओसरला, पण दुसरेच काही वर आले. चौथीच्या स्नेहसंमेलनात मला मावळा व्हायचे होते. अब्बांनी पुठ्ठ्याची ढाल रंगवून ठेवली होती, चंदेरी, मधे सूर्य. बाईंनी मला बघितले आणि मायेने म्हणाल्या, "तू अलीबाबा हो, तुला शोभेल." अम्मीची ओढणी डोक्याला गुंडाळून मी उभा राहिलो. बाईंच्या मनात वाकडे काही नव्हते, हे मी तेव्हाही जाणत होतो. पण अरब आम्ही तरी कुठे पाहिला होता? अब्बांच्या डोक्यावर आयुष्यभर पांढरी टोपी आणि तिच्यावर ऑइलपेंटचे ठिपके. ढाल माळ्यावर गेली.

तेव्हा त्या जपानी खोक्यावरचे कुटुंब आमचे होते, असे मी म्हणणार नाही. तेही कुणीतरी गोष्टीतल्या पगड्या घालून उभे केलेलेच. तरी ते चौघे होते, आणि आम्ही लहानपणी त्यांच्याच गालिच्यावर बसून खेळलो, हे आता मला ठाऊक आहे.

अब्बांना चित्र दाखवले. हल्ली त्यांना कमी दिसते, आणि फ्लेक्स आल्यापासून ब्रशही सुटला आहे. त्यांनी मोबाइल नाकापाशी धरला. माणसांकडे पाहिलेच नाही. अक्षरे पाहत राहिले.

"नाम किधर है?"

"कशाचं, दादा?" मुलगी म्हणाली.

"रंगानेवाले का."

तिने चित्र मोठे केले, कोपरे धुंडाळले. तिला ते सापडले नाही. अब्बा 'हं' म्हणाले. मग त्यांनी जुन्या कॅलेंडरचे पान उलटे केले, पेन्सिल मागितली, आणि नातीला म्हणाले, "वो धडधडवाला फिरसे दिखा. पहली लकीर ऊपर से आती क्या नीचे से?"