बाबांची गाडी

धर्मगुरूच्या जीवनात बदली ही अटळ गोष्ट आहे. काही वर्षे एका धर्मग्रामात रमावे, माणसांची नावे, त्यांची दुःखे आणि त्यांच्या कुत्र्यांच्या खोड्यासुद्धा पाठ व्हाव्यात आणि मग एके दिवशी पत्र यावे. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस असे पत्र आले, तेव्हा आम्ही कपाट रिकामे करावयास घेतले. पुस्तकांच्या रांगेमागे एक न उघडलेला खोका निघाला. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका धर्मग्रामस्थाने काही नाताळांपूर्वी तो आम्हांला भेट दिला होता. ‘‘फादर, तुम्हाला जुन्या गाड्यांची आवड आहे ना?’’ असे तो म्हणाला होता. आम्ही त्याचे मनापासून आभार मानले आणि खोका पुस्तकांमागे सारून दिला. तो समोर का ठेवला नाही, हे आम्हांला तेव्हाही ठाऊक होते. खोक्यावर जिचे चित्र होते, ती गाडी आम्ही लहानपणी पाहिली होती.

१९११ सालच्या फोर्ड मॉडेल टी या मोटारीची ती चोवीसपट लहान प्रतिकृती होती. प्रतिकृती म्हणजे तयार खेळणे नव्हे. आत प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीला, वेलीला शेंगा लागाव्यात तसे, गाडीचे बारीक भाग लगडलेले असतात. ते कापून, घासून, जोडून, रंगवून गाडी आपणच उभी करावयाची. युक्रेनमधील कीव्ह शहरातील आयसीएम या कंपनीने हा संच बनविलेला. २०२२ पासून युद्धाच्या छायेत जगणाऱ्या त्या शहरातल्या कुणा कारागिराने आमच्या बाबांच्या गाडीचे दिवे इतक्या निगुतीने घडवावेत, याचे आम्हांला नवल वाटले.

‘बाबांची गाडी’ असे आम्ही म्हणालो खरे. परंतु ती बाबांची नव्हती. बाबा मुंबईतील एका शेठकडे ड्रायव्हर होते. आगाशीच्या आमच्या घरातून पहाटे निघून ते विरारहून लोकल पकडीत आणि रात्री परतत. शेठच्या रोजच्या वापरासाठी फिएट होती. पण त्यांचा जीव त्या जुन्या फोर्डमध्ये अडकलेला होता. वर्षातून एखाद्या रविवारी जुन्या मोटारींची फेरी निघे, तेवढ्यासाठी ती गाडी बाहेर यायची. उरलेले सारे वर्ष बाबा तिची राखण करीत. तिचा रेडिएटर पितळेचा, दिवे पितळेचे, भोंगाही पितळेचा. चिंचेचा कोळ आणि राख घेऊन बाबा ते पितळ उजळीत. ‘‘घरच्या हंड्याला कधी एवढी चिंच लागली नाही,’’ असे आई म्हणे आणि बाबा हसत.

आम्ही दहा वर्षांचे असताना बाबा एकदा आम्हांला त्या गॅरेजमध्ये घेऊन गेले. मागच्या आसनावर बसण्याची परवानगी मिळाली. स्टिअरिंगला मात्र हात लावू दिला नाही. ‘‘गाडी त्यांची आहे, जबाबदारी माझी आहे,’’ एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी ती गाडी कशी चालते ते समजावून सांगितले. मॉडेल टीला तीन पेडल असतात, पण ती आजच्या गाडीसारखी नव्हेत. डावे पेडल दाबून धरले की गाडी मंद चालते आणि सोडले की वेगाच्या गिअरमध्ये जाते. मधले पेडल मागे जाण्यासाठी, उजवे ब्रेकसाठी. पेट्रोल कमीजास्त करावयाचे ते पायाने नव्हे, तर स्टिअरिंगखालच्या एका छोट्या दांडीने. इंजिन सुरू करण्यासाठी पुढच्या बाजूस हँडल मारावे लागते. ते मारताना अंगठा हँडलभोवती वळवावयाचा नाही, बोटांच्या बाजूलाच ठेवावयाचा. कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. हे सांगताना बाबांनी आपला उजवा अंगठा आम्हांला दाखविला. तो कायमचा वाकडा झाला होता.

‘‘काळी गाडी किती चमकते!’’ असे आम्ही म्हणालो. ‘‘काळी नाही, निळी आहे. उन्हात नेल्यावर कळते,’’ बाबा म्हणाले. आम्हांला ते पटले नाही. फोर्डच्या गाड्या काळ्याच असत, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक केवळ काळा रंग देण्याची रीत १९१४ ते १९२५ या काळातली. त्यापूर्वी इतर रंगही असत आणि १९११ च्या गाड्यांचा निळा तर इतका गडद असे की सावलीत तो काळाच दिसावा. हे आम्ही पुढे पुस्तकात वाचले. बाबांनी ते पुस्तक वाचले नव्हते. त्यांनी गाडी पुसली होती.

फेरीच्या दिवशी शेठ स्वतः गाडी चालवीत. बाबा हत्यारांची पेटी घेऊन फिएटमधून मागोमाग जात. एका वर्षी शेठना बक्षीस मिळाले आणि वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आले. छायाचित्राच्या कडेला पांढऱ्या बाहीतला एक हात तेवढा दिसत होता. आईने ते कात्रण जपून ठेवले होते. पाहुणे आले की ती त्या हातावर बोट ठेवून सांगे, ‘‘हे आमच्या घरातले.’’

आता जे सांगावयाचे ते सांगतो. १९९० साली आम्ही गोरेगावच्या सेमिनरीत शिकत होतो. आमच्या वर्गात बँकेतल्या अधिकाऱ्यांची, प्राध्यापकांची मुले होती. आमच्या इंग्रजीवर गावाची छाप होती आणि ती पुसून टाकण्यात आमचा बराच वेळ जाई. एके दुपारी बाबा अचानक दारात आले. शेठच्या पाहुण्यांना त्या बाजूला सोडावयाचे होते. हाती अर्धा तास होता. अंगावर पांढरा गणवेश, डोक्यावर टोपी, हातात आगाशीच्या सुकेळ्यांची पुडी. आम्ही दोन सहाध्यायांबरोबर उभे होतो. त्यांतल्या एकाने सहज विचारले, ‘‘हे कोण?’’ आणि आमच्या तोंडून शब्द निघून गेले, ‘‘आमच्या गावचे एक ड्रायव्हर आहेत.’’

बाबा तीन पावलांवर होते. त्यांनी ऐकले. ते क्षणभर थांबले, मग पुढे आले, पुडी आमच्या हातात दिली आणि गावातला कोणीही परका माणूस बोलला असता तसे म्हणाले, ‘‘घरी सगळे बरे आहेत, ब्रदर. येतो, ब्रदर.’’ घरी ते आम्हांला लाडक्या नावाने हाक मारीत. त्या दिवशी त्यांनी आमचे खोटे आपल्या अंगावर घेतले आणि ते उघडे पडू नये म्हणून स्वतःच परके झाले.

त्याच आठवड्यात आम्ही पापनिवेदन केले. क्षमा मिळाली, यात शंका नाही. परंतु ती आम्ही देवाकडे मागितली. ज्यांचा अपराध केला त्यांच्याकडे मागितली नाही. सुट्टीत घरी गेलो की मागू, असे ठरविले. सुट्टीत बाबा असे वागले की जणू काही घडलेच नव्हते आणि त्या वागण्याचा आम्ही सोयीस्कर फायदा घेतला. १९९७ साली आमची गुरुदीक्षा झाली. नवदीक्षित धर्मगुरूच्या हातांचे चुंबन घेण्यास आप्तेष्ट रांगेने येतात. बाबा आले, त्यांनी वाकड्या अंगठ्याच्या हाताने आमचे हात धरले आणि त्यांवर ओठ टेकले. तेव्हा बोलावयास हवे होते. पण मागे रांग होती. २००६ साली बाबा गेले. तेव्हापासून किती तरी माणसांना आम्ही पापनिवेदनाच्या वेळी सांगितले असेल, ‘‘ज्याला दुखावलेत त्याच्याकडे आधी जा.’’

नव्या धर्मग्रामात आम्ही पावसाबरोबरच पोहोचलो. जुलैत संध्याकाळच्या गाठीभेटी पावसाने बंद पाडल्या आणि अखेरीस आम्ही खोका उघडला. सोबतीला सातवीतला एक वेदीसेवक होता. त्याचे वडील वसईची भाजी टेम्पोने मुंबईला पोहोचवितात. ते परतेपर्यंत तो आमच्याकडे बसे.

भाग आधी साबणाच्या पाण्यात धुऊन घेतले, कारण त्यांवरच्या तेलकट थरावर रंग धरत नाही. कापलेल्या कडा काचकागदाने घासल्या. या कामातला गोंद नेहमीच्या गोंदासारखा चिकटत नाही. तो दोन्ही कडांचे प्लॅस्टिक किंचित विरघळवितो आणि द्रव उडून गेला की दोन तुकडे एकजीव होतात. तोवर त्यांना हलवावयाचे नाही. आम्ही कपडे वाळत घालण्याचे चिमटे आणि रबरी वेढणी लावून ते धरून ठेवले. हेन्री फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात १९१३ साली सरकता जुळणीपट्टा आला आणि गाडीचा सांगाडा जुळविण्याचे जे काम बारा तासांहून अधिक चाले, ते लवकरच सुमारे दीड तासावर आले. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. आम्हांला एका गाडीस पाच महिने लागले.

वेळ लागला तो मुख्यतः स्टिअरिंगमुळे. मुलाने जुळणीचा कागद पाहून विचारले, ‘‘फादर, हे डावीकडे कसे?’’ अमेरिकेतील गाडी, म्हणून चाक डावीकडे. हिंदुस्थानासारख्या इंग्रजी अमलाखालच्या देशांना फोर्डच्या गाड्या कॅनडातून येत. बाबा ज्या गाडीजवळ उभे राहत तिचे चाक उजवीकडे होते. डावीकडेच ठेवले असते तर कोणाला कळले असते? पण आम्हांला कळले असते. इतक्या वर्षांनी या बाबतीत आणखी एक खोटे नको, असे मनाने घेतले. डावीकडचे भोक पुट्टीने बुजविले, घासून सपाट केले आणि हाताच्या बारीक गिरमिटाने उजवीकडे नवे पाडले. पहिल्या खेपेस ते तिरपे गेले. पुन्हा बुजविले, पुन्हा पाडले. मग पेडल आणि हातब्रेकही तिकडे नेले.

रंगाने आमची अधिक परीक्षा पाहिली. घाई करून भर पावसात पहिला हात फवारला आणि सकाळी पाहतो तो बॉनेटवर पांढुरकी साय आलेली. हवेतला दमटपणा ओल्या रंगात उतरला की असे होते. सारे खरवडून काढावे लागले. नंतर आम्ही उघाडीची वाट पाहिली आणि पातळ हात एकावर एक दिले. काळ्यात निळा किती मिसळावा याचे माप कुठेही लिहिलेले नव्हते. ते आम्ही आठवणीनेच ठरविले.

‘‘फादर, काळीच झाली की,’’ मुलगा खट्टू होऊन म्हणाला.

ऑक्टोबरातली सकाळ होती, आकाश स्वच्छ होते. आम्ही गाडी तळहातावर घेऊन ख्रिस्तमंदिरासमोरच्या अंगणात आलो. उन्हात ती निळी दिसली. मुलगा टाळ्या पिटू लागला. आम्ही मात्र काही वेळ काहीच बोललो नाही.

नाताळात धर्मग्रामाच्या सभागृहात गव्हाणींचे आणि हस्तकलेचे प्रदर्शन भरले. गाडी तिथे मांडावी असा मुलाचा हट्ट होता. प्रत्येक वस्तूपुढे तिची माहिती लिहिलेला पुठ्ठा हवा होता. तो पेन घेऊन बसला. ‘‘ही कोणाची गाडी, फादर? काय लिहू?’’

आम्ही पेन त्याच्या हातातून घेतले आणि लिहिले: ‘फोर्ड मॉडेल टी, १९११. ही गाडी आमचे वडील सांभाळीत. ते ड्रायव्हर होते.’

त्याने ते दोनदा वाचले. ‘‘माझे पप्पा पण ड्रायव्हर आहेत,’’ तो म्हणाला आणि त्याच संध्याकाळी त्यांना हाताला धरून घेऊन आला. टेम्पो दाराशी उभा होता, अंगावर भाजीच्या मातीचे कपडे होते. सभागृहात त्याचे शाळासोबती होते, त्यांचे आईबाप होते. त्या गर्दीतून वडिलांना पुढे आणीत तो मोठ्याने सांगत होता, ‘‘हे माझे पप्पा.’’ एवढे सोपे ते वाक्य होते. आम्हांला ते वयाच्या विसाव्या वर्षी आले नव्हते.

पुष्कळांनी विचारले, ‘‘फादर, तुमचे वडील ड्रायव्हर होते?’’ प्रत्येकाला आम्ही ‘होय’ म्हणून सांगितले. ते ऐकावयास तीन पावलांवर आता कोणी उभे नव्हते, हेही खरे. वाचकहो, ज्यांचे आईवडील आज हयात आहेत, त्यांनी आपला खोका पुस्तकांमागे फार दिवस ठेवू नये, एवढीच विनंती.

गाडी आता आमच्या टेबलावर आहे. तिचे पितळ रंगाचे असल्याने त्याला चिंच लागत नाही. तरी दर शनिवारी आम्ही ती मऊ फडक्याने पुसतो. पुढची बदली होईल तेव्हा ती त्या मुलाकडे जाईल. फडकेही त्यालाच देऊ.